पाणी गेटवर मोजायचं की टेलला?

आमचं शेत चारीच्या, म्हणजे कालव्यातून निघणाऱ्या छोट्या पाटाच्या, शेवटाला, पाटकऱ्याच्या भाषेत ‘टेलला’ आहे. कालव्याचं आवर्तन, म्हणजे पाण्याची पाळी, सुटलं की चारीवरच्या प्रत्येकाला एकरी ठरलेले तास पाणी मिळायचं. सगळ्यांना सारखं. वही उघडून बघितली तर भांडायला जागाच नाही. हेडच्या, म्हणजे चारीच्या तोंडाशी असलेल्या, शेतकऱ्याचे वाफे तेवढ्या तासांत तुडुंब व्हायचे. आमच्याकडे येता येता तेच पाणी फुटक्या चारीतून झिरपायचं, वाटेत कुणी तरी बिनदिक्कत मोटर टाकलेली असायची, आणि उरलंसुरलं अंगठ्याएवढ्या धारेनं यायचं. वडील रात्री दोनला बॅटरी आणि खोरं घेऊन वाफ्यांत पाणी वळवायला, दारं धरायला जात. सकाळी विचारलं की म्हणत, “तास भरले, वाफे नाही भरले.”

शिक्षणातल्या ‘इक्विटी’वर बोलायची वेळ आली की मला हेच वाक्य आठवतं. इंग्रजीतल्या ‘इक्वॅलिटी’ आणि ‘इक्विटी’ या शब्दांची जोडी मराठीत आणताना अनेकांची धांदल उडते. समानता, समता, समन्याय, कुणी कशालाही काहीही म्हणतं. खरं तर आपल्याकडे शब्द आहे आणि तो पेपर वाचणाऱ्या प्रत्येकानं पाहिलेला आहे: समन्यायी पाणीवाटप. पाऊस कमी झाला की नाशिक-नगरच्या धरणांतून जायकवाडीत पाणी सोडायचं की नाही यावरून जे रण पेटतं, त्यात हा शब्द हमखास येतो. २००५ च्या जलसंपत्ती नियमन प्राधिकरणाच्या कायद्यानं तो सरकारी भाषेत पक्का केला. वरच्या धरणाचं दार कुणाच्या हद्दीत आहे एवढंच बघू नका, सबंध खोऱ्यात कुणाच्या वाट्याला काय उरतं ते बघा, असा त्याचा साधा अर्थ.

त्याही आधी, १९७२ च्या दुष्काळानंतर, पुरंदर तालुक्यातल्या नायगावात विलासराव साळुंख्यांनी पाणी पंचायत उभी केली. तिचा नियम असा होता की पाणी जमिनीच्या एकरांवर मिळणार नाही, घरातल्या माणसांवर मिळेल. माणशी अर्ध्या एकराचं, घरटी जास्तीत जास्त अडीच एकरांचं. ज्याला जमीनच नाही त्यालाही पाण्याचा वाटा. ऊस लावायचा नाही. ज्याच्याकडे पन्नास एकर त्याला पन्नास एकरांचं पाणी, हासुद्धा एक ‘समान’ नियमच होता. साळुंख्यांनी मोजायचं मापच बदललं.

तर शब्दांचा घोळ एकदा मिटवू. सगळ्यांच्या हातात सारखं ठेवणं ही समानता. सगळ्यांपर्यंत सारखं पोचेल अशा बेतानं कमी-जास्त देणं हा समन्याय. आणि समता म्हणजे जिथं पोचायचं आहे ते गाव. राज्यघटनेच्या उद्देशिकेत ‘दर्जाची व संधीची समानता’ असे शब्द आहेत, आणि माझ्या मते सगळं भांडण त्या ‘संधी’पाशी आहे. संधी दिली असं कधी म्हणायचं? गेट उघडलं तेव्हा, की वाफा भिजला तेव्हा?

व्हॉट्सॲपवर एक चित्र फिरतं. कुंपणाबाहेर तीन मुलं मॅच बघतायत. एक उंच, एक मध्यम, एक बुटका. तिघांना एकेक खोकं दिलं तर बुटक्याला काहीच दिसत नाही. उंचाचं खोकं बुटक्याला दिलं की तिघांनाही दिसतं. झालं, समजली इक्विटी. शिक्षकांच्या प्रशिक्षणात हे चित्र इतक्या वेळा दाखवलं जातं की आता कंटाळा येतो. माझी तक्रार वेगळी आहे. त्यात बुटका मुलगा जन्मतःच बुटका आहे, म्हणजे कमतरता त्याच्या अंगातच आहे. आपल्याकडे उंची सारखीच होती, काहींच्या पायाखालची जमीन पिढ्यानपिढ्या खणून नेली गेली. (शिवाय तिघंही तिकीट नसल्यामुळे मैदानाबाहेर आहेत, हे कुणाच्या ध्यानात येत नाही.)

जमीन खणली म्हणजे काय, ते एका जुन्या अर्जावरून कळतं.

१८५६ साली धारवाडच्या सरकारी शाळेत एका महार मुलानं प्रवेश मागितला. नेहमीची फी भरायची त्याची तयारी होती. प्रवेश नाकारला गेला, तेव्हा त्यानं थेट मुंबई सरकारकडे दाद मागितली. सरकारचं उत्तर वाचण्यासारखं आहे. न्याय अर्जदाराच्या बाजूनं आहे यात शंका नाही, असं त्यांनी मान्य केलं. पण एका माणसासाठी युगायुगांच्या समजुतींना एकदम हात घातला तर शिक्षणाच्या कामाचंच नुकसान होईल, तेव्हा काही करता येत नाही. गाजावाजा झाल्यावर पुढच्या एक-दोन वर्षांत धोरण ठरलं की सरकारच्या खर्चानं चालणाऱ्या शाळा सगळ्या प्रजेला भेदाभेद न करता खुल्या राहतील. कागदावर समानता आली.

१८८२ साली शिक्षणाची पाहणी करणाऱ्या हंटर आयोगापुढे जोतीराव फुल्यांनी निवेदन दिलं. धारवाडच्या अर्जाला सव्वीस वर्षं झाली होती आणि शाळा ‘सगळ्यांना खुल्या’ होत्या. फुले लिहितात की जातीच्या पूर्वग्रहामुळे महार, मांग आणि इतर खालच्या मानलेल्या जातींची मुलं व्यवहारात सगळ्याच शाळांबाहेर आहेत, कारण त्यांना इतर मुलांशेजारी बसू देत नाहीत. सरकारनं त्यांच्यासाठी वेगळ्या शाळा काढल्या, पण त्या मोठ्या शहरांतच. पुण्यात पाच हजारांवर लोकवस्तीला अशी एकच शाळा, आणि तिच्यात तीसही मुलं नाहीत. फुल्यांची मागणी होती की निदान बाराव्या वर्षापर्यंतचं प्राथमिक शिक्षण सक्तीचं करा, आणि जिथं या जातींची वस्ती मोठी आहे तिथं त्यांच्यासाठी स्वतंत्र शाळा वाढवा. सारा भरतो शेतकरी, आणि तो पैसा जातो वरच्या वर्गाच्या उच्च शिक्षणाकडे, हा त्यांचा हिशेब तर आजच्या अर्थसंकल्पालाही लावून बघण्यासारखा आहे.

आता यापुढे १९१९ चं कोल्हापूर ठेवा. शाहू महाराजांनी हुकूम काढून अस्पृश्य मुलांच्या वेगळ्या शाळा बंद केल्या. या मुलांना सर्वांच्या शाळेत, सर्वांबरोबर बसवायचं. एकानं वेगळ्या शाळा वाढवा म्हटलं, दुसऱ्यानं त्या बंद केल्या. चूक कोण? कुणीच नाही. १८८२ च्या पुण्यात वेगळी शाळा नसती तर मूल घरीच राहिलं असतं. १९१९ पर्यंत कोल्हापुरात दोन वर्षं सक्तीच्या मोफत प्राथमिक शिक्षणाचा कायदा होता, मुलाला शाळेत न पाठवणाऱ्या पालकाला महिन्याला एक रुपया दंड होता, आणि दरबार ते अमलात आणायला तयार होता. अशा वेळी वेगळी शाळा म्हणजे नुसती वेगळी पंगत उरली असती. समन्यायाचं एकच एक औषध नसतं. आजार पुढे सरकला की गोळी बदलावी लागते. हे ज्यांना पटत नाही ते कुठल्याही योजनेला एक तर कायमची कवटाळून बसतात, नाही तर पहिल्याच दिवशी विचारतात, “हे किती दिवस चालणार?”

शाहू महाराजांची घोड्यांच्या चंदीची गोष्ट सगळ्यांनी ऐकलेली असते. राखीव जागांवर आक्षेप घेणाऱ्या वकिलाला ते पागेत घेऊन गेले, सगळी चंदी एकत्र ओतायला लावली, दांडगी घोडी पुढे घुसली आणि अशक्त शिंगरं मागं राहिली, वगैरे. भाषणात रंगते. पण त्यात पुन्हा ‘दांडगा’ आणि ‘अशक्त’ आलेच, म्हणजे खोक्यांच्या चित्राचाच देशी अवतार. मला त्यापेक्षा बोर्डिंगचा हिशेब जास्त पटतो.

१९०२ चा पन्नास टक्के जागा मागासलेल्या वर्गांसाठी राखण्याचा हुकूम सगळ्यांना ठाऊक आहे. पण त्याच्या आदल्या वर्षी, १९०१ ला, कोल्हापुरात व्हिक्टोरिया मराठा बोर्डिंग आणि जैन बोर्डिंग सुरू झालं होतं. पुढे लिंगायत, मुस्लिम, आणि १९०८ ला अस्पृश्य विद्यार्थ्यांसाठी मिस क्लार्क वसतिगृह. हा क्रम लक्षात घ्या. जागा राखल्या तरी त्या भरायला शिकलेली माणसं लागतात. शिकलेली माणसं हवीत तर खेड्यातलं पोर कोल्हापूरला यायला हवं. ते आलं तर रात्री झोपणार कुठं आणि भाकरी कोण थापणार? फी माफ करून हा प्रश्न सुटत नाही. फी ही गेटवरची गोष्ट आहे, भाकरी टेलची. कर्मवीर भाऊराव पाटलांनी हेच ओळखलं. १९१९ ला काले गावात रयत शिक्षण संस्था काढली आणि १९२४ ला साताऱ्यात सगळ्या जातींच्या मुलांचं वसतिगृह. त्या मुलांच्या पोटासाठी त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी अंगावरचं सोनं मोडलं, शेवटी मंगळसूत्रसुद्धा. महाराष्ट्रातल्या शिक्षणाचा इतिहास शाळांच्या इमारतींवरून सांगतात. तो वसतिगृहांच्या मुदपाकखान्यातून सांगायला हवा.

कायद्याचं थोडक्यात. स्वतंत्र भारतात हा प्रश्न लगेचच न्यायालयात गेला. मद्रास राज्यात वैद्यकीय आणि इंजिनिअरिंग कॉलेजांच्या जागा जाती-धर्मनिहाय वाटायचा सरकारी आदेश होता. चंपकम दोराईराजन खटल्यात १९५१ साली सर्वोच्च न्यायालयानं तो रद्द केला. त्याच वर्षी पहिली घटनादुरुस्ती होऊन पंधराव्या कलमात चौथा खंड आला आणि मागास वर्गांसाठी खास तरतूद करायची मुभा सरकारला मिळाली. तरी बरीच वर्षं समज असा होता की समानता हा नियम आणि सवलत हा अपवाद. अपवाद म्हणजे नाइलाजानं केलेली गोष्ट. १९७५ मध्ये केरळच्या एन. एम. थॉमस खटल्यात हे बदललं. अनुसूचित जाती-जमातींच्या कारकुनांना खात्याची परीक्षा पास व्हायला जादा मुदत दिली होती. न्यायालयानं बहुमतानं सांगितलं की असं करणं हा समानतेला अपवाद नाही, ती समानतेचीच एक रीत आहे. आधी टेलला आणि मग हेडला, ‘टेल टू हेड’, पाणी सोडणं म्हणजे नियम मोडणं नव्हे, तसंच.

आता आजचं बघू. त्यासाठी बीड जिल्ह्यातल्या एखाद्या जिल्हा परिषद शाळेचा हजेरीपट दिवाळीनंतर उघडावा. दिवाळीपर्यंत ‘ह’ची ओळ नीट चालते. मग एका सोमवारपासून वर्गातल्या निम्म्या नावांपुढे ‘गै’ सुरू होतो तो थेट उन्हाळ्यापर्यंत. ऊसतोडीसाठी मुकादमाची उचल, म्हणजे आगाऊ पैसे, घेतलेली असते, ट्रॅक्टर येतो, आणि भांडीकुंडी, शेळी, कोंबड्यांसकट बिऱ्हाड कारखान्याच्या वाटेला लागतं. नवरा-बायकोच्या जोडीला तिकडे ‘कोयता’ म्हणतात. माणसांची मोजणीच हत्यारावर होते. कोयता उसाच्या फडात गेला की कोपीवर, म्हणजे राहायच्या झोपडीवर, धाकट्याला सांभाळायला आठ-नऊ वर्षांची पोरगी लागते. ती शाळेत नसते, आणि ती ‘का नाही’ हे सांगायला हजेरीपटात रकाना नसतो.

या मुलीला समानता पुरेपूर मिळालेली आहे. पुस्तकं फुकट, शाळा फुकट, कायद्यानं पहिली ते आठवी शिक्षणाचा हक्क, परीक्षा इतरांसारखीच. फक्त शाळेचं वर्ष जूनला सुरू होतं आणि उसाचा हंगाम दिवाळीच्या आगेमागे, आणि दोन्ही कॅलेंडरं एकमेकांना ओळखत नाहीत. यावर उतारा म्हणून आधी कारखान्यांजवळ साखरशाळा निघाल्या, मग हंगामी वसतिगृहं: आई-बाप गेले तरी मुलानं गावातच राहायचं, त्याच्या जेवणाखाण्याची सोय शाळेनं करायची. कल्पना फार चांगली आहे. पण ते ट्रॅक्टर यायच्या आधी सुरू झालं तर. बिऱ्हाड निघून गेल्यावर मंजुरी आली, तर तिचा उपयोग फाइलीला होतो. मला विचाराल तर एखादी योजना समन्यायी आहे की नाही, हे तिच्या उद्दिष्टांवरून ठरवू नये. ती कुठल्या तारखेला पोचते, ते बघावं.

तारखेसारखीच रक्कमही. प्राथमिक शाळेतल्या दुर्बल घटकांच्या मुलींनी रोज शाळेत यावं म्हणून १९९२ साली उपस्थिती भत्ता सुरू झाला: हजेरीच्या दिवसाला एक रुपया. तेव्हा एका रुपयाला काहीतरी मोल होतं. तीस वर्षांनंतरही तो एकच रुपया राहिला. रोजंदारीला गेलेल्या आईला घरी धाकट्याला सांभाळणारी पोर हवी असते, तिला तुम्ही एक रुपया देऊ करता.

एसटीच्या पासाची गोष्ट मात्र वेगळी. ग्रामीण मुलींना अहिल्याबाई होळकर योजनेतून मोफत पास मिळाला, मानव विकास कार्यक्रमाच्या निळ्या बस आल्या, आणि गावात सातवीनंतर शाळा नाही म्हणून घरी बसणाऱ्या कितीतरी पोरी तालुक्याला जाऊ लागल्या. पण २०२१ च्या दिवाळीपासून पुढच्या एप्रिलपर्यंत एसटीचा संप चालला, तेव्हा पास मुलींच्या दप्तरातच राहिले. भावाला कुणाच्या तरी मोटरसायकलवर मागे बसून जाता आलं. बहिणीला कुणाच्याही मागे बसून जायची परवानगी नव्हती.

सारखा नियम कसा विषम पडतो याचं आणखी एक उदाहरण वीसपेक्षा कमी पटाच्या शाळांचं. पट वीसच्या खाली गेलेल्या शाळा एकत्र करून समूह शाळा कराव्यात असा विचार राज्यात २०२३ पासून मांडला जातोय. वीसचा आकडा सगळ्यांना सारखाच. पण शहरात ज्या शाळेचा पट घटतो, तिथल्या मुलांसाठी पुढच्या चौकात दुसरी शाळा असते. धनगरवाड्यावर किंवा पाड्यावर मुळात मुलंच चौदा असतात. तिथं शाळा हलवली तर मधला ओढा पहिलीतल्या पोरानं पावसाळ्यात कसा ओलांडायचा? गाडीची सोय करू, असं उत्तर मिळतं. गाडी म्हटलं की मला तो दप्तरातला पास आठवतो.

इथवर वाचून कुणाला वाटेल की सारखं देणं म्हणजे नेहमी खोटंच. तसं नाही, आणि हा मुद्दा समन्यायाच्या भक्तांना आवडत नाही. जिल्हा परिषद शाळेत मोफत गणवेश बरीच वर्षं सगळ्या मुलींना आणि अनुसूचित जाती-जमातींच्या व दारिद्र्यरेषेखालच्या मुलांना मिळायचा. हिशेबानं बघितलं तर नेमक्या गरजूंना. पण वर्गात काय व्हायचं? सर यादी वाचायचे, काही पोरं उठून नवा शर्ट घेऊन यायची, बाकीची बघत राहायची. ज्यांना मिळाला ती ‘यादीतली’ ठरायची. ज्यांना नाही मिळाला त्यांच्यातली अर्धी तितकीच फाटकी असायची, फक्त दाखला नव्हता. २०२३ पासून उरलेल्या मुलांनाही गणवेश मिळू लागला आणि यादी वाचायचं कारणच उरलं नाही. पोषण आहाराचंही तेच. खिचडी वाढताना कुणी कुणाचा दाखला बघत नाही आणि सगळी एका ओळीत बसून खातात. जिथं वाटपाच्या पद्धतीनंच मूल उघडं पडतं, तिथं सरसकट द्यावं. जिथं मुलाची अडचणच वेगळी आहे, जसं अंध मुलाला लेखनिक आणि तासामागे वीस मिनिटं जादा, किंवा घरात कोरकू बोलणाऱ्या पोराला पहिलीत त्याची भाषा येणारा शिक्षक, तिथं सरसकट देणं ही चेष्टा आहे.

उरला नेहमीचा आक्षेप: मग गुणवत्तेचं काय? मार्क खोटे नसतात, मान्य. पण ऐंशी टक्क्यांचा आकडा तो मुलगा कुठून निघाला होता ते सांगत नाही; कुठं पोचला तेवढंच सांगतो. एकाला घरी टेबल, क्लास आणि चुका काढणारी आई होती; दुसरा दहावीच्या आदल्या रात्रीपर्यंत कोपीवर होता. दोघांना ऐंशी पडले तर जास्त कोण शिकला, एवढं तरी विचारायला हवं.

यापेक्षा अवघड आक्षेप दुसरा आहे, आणि तो बाहेरून येत नाही, आतूनच येतो. सवलत ज्या गटाला मिळते त्या गटालाही हेड आणि टेल असतं. इतर मागासवर्गीयांसाठी १९९२ च्या इंद्रा साहनी निकालानं ‘क्रीमी लेयर’, म्हणजे त्यांच्यातला सुस्थितीतला थर, वेगळी काढायला लावली. १ ऑगस्ट २०२४ ला सर्वोच्च न्यायालयाच्या सात न्यायमूर्तींच्या पीठानं सहा विरुद्ध एक अशा बहुमतानं सांगितलं की अनुसूचित जातींमध्येही उपवर्गीकरण करता येईल. त्यावर महाराष्ट्रात कडाक्याचं भांडण आहे. मातंग समाजातल्या अनेकांना ते हवंय, कारण आपल्यापर्यंत वाटा पोचतच नाही असं त्यांचं म्हणणं आहे. बौद्ध समाजातल्या अनेकांना यात चळवळ फोडण्याचा डाव दिसतो, आणि ताजी आकडेवारी नसताना वाटे कशाच्या आधारावर पाडणार, असं ते विचारतात. दोन्ही प्रश्न खरे आहेत. मला पहिला जास्त टोचतो, आणि त्याचं कारण पुन्हा आमच्या चारीवरचंच आहे.

खूप भांडून शेवटी आमच्याकडे टेल टू हेड पाळी सुरू झाली. पहिल्याच आवर्तनाला पाणी आधी आमच्या वाफ्यात आलं. वडिलांनी त्या दिवशी दारं धरली ती दिवसाउजेडी, डोक्याला टॉवेल बांधून, गाणं म्हणत. दुपारी मी डबा घेऊन गेलो तेव्हा बांधाच्या पलीकडे एक म्हातारा उभा होता, हातात खोरं घेऊन, आमच्या पाण्याकडे बघत. आमच्याही पुढे दोन एकरांचं एक शेत होतं. चारी आमच्या बांधाशी संपते असंच आम्ही धरून चाललो होतो, आणि पाळीच्या वहीत त्याचं नावच नव्हतं.